अविंध : देहाची खूण आणि रूहची ओळख

मराठीत मुसलमानासाठी एक जुना शब्द आहे, अविंध. आज तो बोलण्यातून गेला आहे, पण बखरींत, पोथ्यांत आणि संतवाङ्मयात तो जागोजागी भेटतो. शब्दाचा अर्थ साधा आहे. ज्याचे कान विंधलेले नाहीत, टोचलेले नाहीत, तो अविंध. जुन्या मराठी कोशांनीही तो असाच नोंदला आहे. म्हणजे मराठी भाषेने मुसलमानाला एके काळी नाव दिले ते त्याच्या श्रद्धेवरून नाही, त्याच्या कलम्यावरून नाही, त्याच्या ग्रंथावरूनही नाही. नाव दिले ते त्याच्या कानाच्या पाळीवरून. माणूस कोण आहे हे त्याच्या देहावर वाचायचे, ही रीत आपण समजतो त्याहून जुनी आहे.

या शब्दापासून सुरुवात करण्याचे कारण असे, की गेल्या काही दशकांत दंगलीने हीच रीत सुरीच्या टोकावर आणून ठेवली. दंगलीत कोणी कोणाला श्रद्धा विचारत नाही. दाढी, टोपी, बुरखा, कपाळावरची टिकली, हातावरचे गोंदण पाहिले जाते आणि एवढ्यानेही खात्री पटली नाही तर माणसाचे कपडे उतरवले जातात. सआदत हसन मंटो यांनी फाळणीच्या कत्तलींवर लिहिलेल्या 'सियाह हाशिये' (१९४८) या संग्रहात 'मिस्टेक' नावाची अवघ्या दोन ओळींची कथा आहे. सुरी चालवून झाल्यावर मारणाऱ्याला मृताच्या देहावरून कळते, की आपण आपल्याच धर्माच्या माणसाला मारले. त्याला वाईट वाटते ते खुनाचे नाही, ओळखीतल्या चुकीचे वाटते. मंटोंनी त्यावर भाष्य केले नाही आणि भाष्याची गरजही नव्हती.

मंटोंनी दाखवलेली ही रीत १९४८ मध्ये संपली नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत जे घडले, त्याची चौकशी करून न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये अहवाल दिला. त्यात मृतांचा आकडा ९०० आहे. ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ५ इतर आणि ४५ अज्ञात. या शेवटच्या आकड्यावर मराठी साहित्याने फारसा विचार केलेला आम्हांला दिसत नाही. पंचेचाळीस माणसे मेली आणि त्यांना कोणत्या रकान्यात घालावे हे शासनाला ठरवता आले नाही. देहाची खूण वाचून ज्यांनी मारले, त्यांच्या हातून देहाची खूणच पुसली गेली. मग ही पंचेचाळीस माणसे कोण होती? रकाना नाही म्हणून ती कोणीच नव्हती काय? आध्यात्मिक ओळख हा शब्द पुष्कळदा प्रवचनात ऐकायला मिळतो आणि तेथेच विरून जातो. या पंचेचाळीस जणांसमोर तो शब्द ठेवला म्हणजे त्याचे वजन कळते.

याच प्रश्नाच्या उजेडात आम्ही श्रीगोंद्याच्या शेख महंमदांकडे पाहू इच्छितो.

शेख महंमद सोळाव्या-सतराव्या शतकांच्या संधिकाळातले. कादरी परंपरेतले चांद बोधले हे त्यांचे गुरू, ज्यांची कबर दौलताबादला आहे. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांनाही परंपरा याच चांद बोधल्यांचे शिष्य मानते. शेख महंमदांनी 'योगसंग्राम', 'पवनविजय', 'निष्कलंकप्रबोध' असे ग्रंथ लिहिले. अभंग लिहिले, दखनीतही रचना केली. 'योगसंग्राम' १६४५ मध्ये पूर्ण झाला. वा. सी. बेंद्रे यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर हे साहित्य संपादून छापले आणि रा. चिं. ढेरे यांनी 'मुसलमान मराठी संतकवी' या पुस्तकातून त्याची नव्याने ओळख करून दिली. या दोघांचे ऋण मोठे आहे. ते नसते तर आपल्यापैकी बहुतेकांना आपल्याच या पूर्वजाचे नावही ठाऊक झाले नसते.

तरीही शेख महंमदांना वाचण्याची जी पद्धत मराठीत रूढ झाली, तिच्याबद्दल आम्हांला तक्रार आहे. राष्ट्रीय एकात्मतेच्या भाषणात त्यांचे नाव येते, त्यांची एक प्रसिद्ध ओळ म्हटली जाते आणि विषय संपतो. स्वतःला अविंध म्हणवून लगेच आपल्या हृदयात कोण वसते ते सांगणारी ती ओळ. तिचा अर्थ लावला जातो तो असा : शेख महंमद जरी मुसलमान होते, तरी त्यांचे हृदय शुद्ध होते. या 'जरी-तरी'त सगळे अडकले आहे. मुसलमान असणे हा काही दोष आहे आणि भक्ती ही त्या दोषाची भरपाई आहे, असे हे व्याकरण सांगते. आम्ही ती ओळ पुन्हा पुन्हा पाहिली. तिच्यात 'जरी' नाही, 'तरी' नाही आणि 'पण'ही नाही. दोन विधाने शेजारी शेजारी ठेवली आहेत. देहाने मी हा आहे, अंतरात हे आहे. पहिल्याची लाज नाही आणि दुसऱ्याचा टेंभा नाही. 'जरी' आणि 'तरी' हे शब्द वाचकांनी बाहेरून आणून घातले.

यात शेख महंमदांचे मोठेपण आहे असे आम्ही मानतो. भोवतालच्या समाजाने देहाच्या खुणेवरून जे नाव चिकटवले, ते त्यांनी नाकारले नाही. मी अविंध नव्हे, मी तुमच्यापैकीच, असा अर्ज त्यांनी केला नाही. नाव उचलले, आपल्या कवितेत ठेवले आणि त्या नावाच्या आत जागा मोकळी केली. त्या नावाने माझे सगळे मापन होत नाही, एवढेच त्यांनी दाखवले. देहापलीकडची ओळख म्हणजे देह लपवणे नव्हे, ही गोष्ट येथे स्पष्ट होते.

दुसरा मुद्दा काळाचा. शेख महंमदांचा काळ शांततेचा होता, संतांना तेव्हा भजनाला सवड होती, असा समज असेल तर तो खोटा आहे. अहमदनगर त्यांच्या गावापासून फार दूर नाही. १५९५-९६ मध्ये मोगलांनी त्या किल्ल्याला वेढा घातला आणि १६०० मध्ये किल्ला घेतला. मलिक अंबर १६२६ मध्ये वारला तोवर या मुलखात लढाई थांबली नाही. १६३० ते १६३२ चा दुष्काळ दख्खनच्या इतिहासातला अत्यंत भीषण दुष्काळ होता. १६३३ मध्ये दौलताबाद पडले, १६३६ मध्ये निजामशाही संपली. म्हणजे 'योगसंग्राम' पूर्ण झाला तेव्हा त्याच्या पहिल्या श्रोत्यांच्या घरांत लढाईत मेलेले आणि उपासमारीने मेलेले असे दोन्ही प्रकारचे मृत्यू ताजे होते. अशा श्रोत्यांसमोर कवी आपल्या ग्रंथाला नाव देतो ते संग्राम.

पण हा संग्राम कोणाशी? बाहेर मोगल आहे, निजामशाही आहे, आदिलशाही आहे. यांपैकी कोणाशीही नाही. लढाई देहाच्या आत आहे. काम, क्रोध, मद, मत्सर हे शत्रू आहेत आणि 'मी'पण त्यांचा सरदार आहे. सूफी परिभाषेत ही नफ्सशी झुंज होय. योगाची परिभाषा घेऊन शेख महंमदांनी तीच झुंज मराठीत मांडली. लढाईचे सगळे शब्द त्यांनी लढणाऱ्यांकडून काढून घेतले आणि आत वळवले, असे म्हणता येईल. जिहाद या शब्दाची आज दोन्ही बाजूंनी जी विटंबना चालली आहे, ती पाहता साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी मुसलमानाने त्या कल्पनेचा आतला अर्थ सबंध ग्रंथभर चालवला, ही गोष्ट आपल्या पोरांना सांगायला हवी. ती भाषणात सांगून भागणार नाही. ग्रंथ उघडून सांगायला हवी.

शिवाय शेख महंमद गुळमुळीत नाहीत. देवाला बकरे मारणारे, दारू चढवणारे, शिष्य जमवून पोट भरणारे भोंदू गुरू आणि सोंगाडे फकीर, या सर्वांवर त्यांनी कोरडे ओढले. दोन्ही समाजांतल्या ढोंगावर बोलण्याचा अधिकार त्यांनी घेतला आणि दोन्ही समाजांनी तो मानला. आज एकात्मतेच्या नावाखाली ज्या गोड गोड गोष्टी चालतात, त्यांत हा कडवटपणा कोठे दिसतो? एकात्मता म्हणजे कोणीच कोणाला काही न बोलणे नव्हे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो आम्ही गांभीर्याने घेतो. मुस्लिम मराठी साहित्याची चळवळ १९९० मध्ये सोलापुरात पहिल्या संमेलनाने उभी राहिली, ती आत्मा-परमात्म्याच्या चर्चेसाठी नव्हे. दलित साहित्याने जे धैर्य दिले त्याच्या बळावर आपल्या लेखकांनी मोहल्ला, बेकारी, तलाक, शिक्षण, दंगल, संशय यांवर लिहायला घेतले. त्यानंतर दोनच वर्षांनी बाबरी मशीद पाडली गेली. अशा काळात तरुण कवी म्हणेल, आमचे देह जळत असताना रूहच्या गोष्टी कशाला? आम्हांला अध्यात्म नको, संरक्षण हवे, न्याय हवा. गुजरातमध्ये २००२ साली जे झाले, त्याचे सरकारी आकडे २००५ मध्ये संसदेत सांगितले गेले. ७९० मुसलमान आणि २५४ हिंदू मृत, २२३ बेपत्ता. बेपत्ता माणसाच्या आईला देहापलीकडचे काय सांगणार? तिला देहच हवा आहे. कफन द्यायला, जनाजा उचलायला, मूठभर माती टाकायला.

आक्षेप खरा आहे. म्हणून सांगितले पाहिजे, की इस्लामने देहाला कधी तुच्छ मानलेले नाही. मय्यतीला गुसल देताना हात किती हळुवार चालवायचा हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी आपल्याला शिकवले आहे. देह ही अमानत आहे. कुरआनात कियामतचे वर्णन करताना माणसाची बोटांची टोकेसुद्धा पुन्हा जुळवली जातील असे सांगितले आहे. ज्या ग्रंथाला बोटाच्या टोकाची एवढी फिकीर आहे, तो देह जाळणाऱ्याला आणि जळताना पाहणाऱ्याला मोकळे सोडत नाही. तेव्हा देहापलीकडच्या ओळखीचा अर्थ देह गेला तर गेला असा करणे, हा अन्याय सोसण्याचा धडा होईल. तो शेख महंमदांचा धडा नव्हे आणि आमचाही नव्हे.

मग अर्थ काय? येथे आम्हांला बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेला एक प्रसंग महत्त्वाचा वाटतो. एक जनाजा समोरून चालला होता. पैगंबर (स.) उठून उभे राहिले. कोणी सांगितले, की हा तर एका यहुद्याचा जनाजा आहे. त्यावर त्यांनी विचारले ते एवढेच, की तो एक नफ्स नाही काय. नफ्स म्हणजे जीव, प्राण, स्वत्व. सांगणाऱ्याने रकाना सांगितला होता. उत्तरात रकाना खोटा ठरवलेला नाही. यहुदी तो यहुदीच राहिला. पण त्याच्यासाठी उभे राहायचे की नाही, हे त्या रकान्यावरून ठरणार नाही, एवढे निश्चित झाले. हीच शेख महंमदांच्या अविंध शब्दामागची दृष्टी आहे. आणि तीच श्रीकृष्ण अहवालातल्या पंचेचाळीस अज्ञातांना लागू पडते. त्यांचा धर्म कळला नाही म्हणून त्यांच्या जनाजासाठी उभे राहायला काही अडत नाही. आध्यात्मिक ओळख अशी न्यायाच्या मागणीचा पाया होते. देहाला संरक्षण मागायचे ते हा देह अमक्या जमातीचा आहे म्हणून नव्हे. त्यात नफ्स आहे म्हणून मागायचे.

हा पाया मानला की आपल्याच घराकडेही पाहावे लागते. १६ फेब्रुवारी २०१७ रोजी सिंधमधल्या सेहवान येथे लाल शहबाज कलंदर यांच्या दर्ग्यात धमाल चालू असताना आत्मघातकी स्फोट झाला. ऐंशीहून अधिक भाविक मेले. मारणारा कलमा मानणारा होता आणि मरणारेही. त्याने आपल्या देहाचे हत्यार केले. देह म्हणजे अमानत, ती त्याने इतरांच्या देहांवर फोडली. त्या दर्ग्यात काही दिवसांतच धमाल पुन्हा सुरू झाली, हे तेथल्या फकिरांचे उत्तर होते. अशा घटनेवर आपल्या मराठी मुस्लिम लेखनात किती ओळी लिहिल्या गेल्या? दुसऱ्याने मारले तर कविता आणि आपल्याने मारले तर मौन, असे झाले की कवितेची किंमत उतरते.

आमच्या मते १९९२ नंतरच्या मुस्लिम मराठी कवितेची एक मर्यादा येथेच आहे. ही कविता धीट आहे आणि तिने मराठी वाचकाला मोहल्ल्यातला अंधार दाखवला. पण तिचा पुष्कळसा भाग पुरावे देण्यात खर्च झाला. आम्ही येथलेच, आमची हाडे याच मातीत, आमचे रक्तही लालच. हे सगळे खरे आहे, पण हे सगळे देहाचेच पुरावे आहेत. समोरचा देहावरून संशय घेतो आणि कवी देहावरूनच उत्तर देतो. आखाडा संशय घेणाऱ्याचाच राहतो. शेख महंमदांनी पुरावा दिला नाही, साक्ष दिली. पुरावा न्यायाधीशासमोर देतात, साक्ष खुदासमोर. त्यांच्या ओळींत जो सैलपणा, जो निर्भयपणा जाणवतो, त्याचे कारण हे असावे.

आणि देह गेल्यावर मागे राहते ती कबर. तिलाही सोडलेले नाही. औरंगाबादचा वली, उर्दू गजलेचा आद्य पुरुष, १७०७ मध्ये अहमदाबादेत वारला. कोणी त्याला दखनी म्हणते, कोणी औरंगाबादी, कोणी गुजराती. शाहीबागेतली त्याची मजार २००२ च्या दंगलीत उद्ध्वस्त करण्यात आली आणि थोड्याच दिवसांत त्या जागेवर डांबरी रस्ता झाला. पोलीस आयुक्तालयासमोरची ती जागा. पाडणाऱ्यांनी वली वाचला नव्हता. त्यांना घुमट दिसला, हिरवी चादर दिसली. दगडालाही त्यांनी अविंध ठरवले. पण मजार गेली म्हणून वलीची एक गजलही कमी झाली नाही.

श्रीगोंद्याचे दुखणे वेगळे. शेख महंमदांचे स्थान कोणी पाडले नाही. तेथे वारकरी येतात, मुसलमान येतात. परंतु ते मंदिर की दर्गा, यावरचा वाद २०२५ मध्ये आंदोलनापर्यंत गेला. त्या वादातले कायद्याचे मुद्दे कायदा पाहील, त्यात आम्ही शिरत नाही. ज्याने आयुष्यभर सांगितले की देहाच्या खुणेवर थांबू नका, त्याच्याच देहाच्या जागेला कोणते नाव द्यावे यावर गाव विभागले जाते, याचे दुःख मात्र दोन्हीकडच्या माणसांना व्हायला हवे. मंदिर म्हणणाऱ्याने त्यांचे अविंधपण पुसू नये. दर्गा म्हणणाऱ्याने त्यांची मराठी ओवी आणि तिच्यातला विठ्ठल पुसू नये. त्यांनी स्वतः या दोन्ही गोष्टी एका ओळीत शेजारी ठेवल्या. ते करायला आपल्याला एवढे जड का जावे?

महिपतींनी अठराव्या शतकात संतचरित्रे लिहिली. त्यांनी सांगितलेल्या परंपरेत एक कथा आहे. देहूला तुकोबांचे कीर्तन चालू असताना मंडपाला आग लागली आणि श्रीगोंद्यात बसलेल्या शेख महंमदांनी ती आपल्या हातांनी विझवली. कथा ऐतिहासिक आहे की नाही हा प्रश्न गौण आहे. लोकांनी ती तीनशे वर्षे का सांगितली हे पाहावे. अविंध म्हटल्या गेलेल्या माणसाचा हात दूरच्या गावी, दुसऱ्याच्या मंडपातली आग विझवायला पोचतो, असे या मुलखातल्या साध्या माणसांना खरे वाटले. देहापलीकडे जाणे म्हणजे ढगात जाणे असे त्यांनी मानले नाही. आपल्या अंगाला झळ लागत नसताना दुसऱ्याची आग आपली मानणे, असा त्याचा अर्थ त्यांनी केला. यापेक्षा चांगली व्याख्या आम्हांला सापडलेली नाही.

मुस्लिम मराठी साहित्यापुढचे काम यातून स्पष्ट होते. पहिले, शेख महंमद एका ओळीपुरते न ठेवता सबंध वाचले जावेत. 'योगसंग्राम'ची आजच्या वाचकाला कळेल अशी सटीप आवृत्ती मोहल्ल्यातल्या वाचनालयापर्यंत पोचावी. दुसरे, आपल्या समीक्षेने 'जरी-तरी'चे व्याकरण जेथे दिसेल तेथे खोडून काढावे, मग ते लिहिणारा परका असो की आपला. तिसरे, आपल्या कवींनी सेहवानसाठीही उभे राहावे आणि मुंबईच्या त्या पंचेचाळिसांसाठीही, ज्यांच्यावर कोणी मर्सिया लिहिला नाही, कारण ते कोणाचे हे कोणाला कळले नाही. ते नफ्स होते एवढे तर कळलेच होते. उभे राहायला तेवढे पुरेसे आहे.